गाडीतला नकाशा की फोनमधला? (आणि आमच्या वाडीतला रस्ता कुणाचा?)

घाटवाट
परवा एका समूहात पोस्ट फिरत होती : "नॅव्हिगेशन मिळतं म्हणून वरच्या व्हेरियंटला जादा पैसे मोजणाऱ्यांची कीव येते. खिशातल्या फोनात सगळा नकाशा फुकट आहे. गाडीतला स्क्रीन गाण्यांपुरता ठेवा." तिथे अंगठ्यांच्या गर्दीत उत्तर वाहून गेलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

लिहिणाऱ्या गृहस्थांनी पावसाळ्यात ताम्हिणी उतरून बघावी. मुळशी मागे पडलं की रेंज येते-जाते, पुढे जातेच. आधी लावलेला रस्ता फोनवर दिसत राहतो, पण एक वळण चुकलं की नवा रस्ता शोधायला त्याला नेट हवं. गाडीच्या यंत्रात सगळा नकाशा आधीच भरलेला असतो, त्याचं रेंजवाचून काही अडत नाही. अँटेना टपावर असतो, डॅशबोर्डखाली दबलेला नसतो. शिवाय चाकांच्या फेऱ्या आणि गाडी किती वळली हे मोजणारा जायरोस्कोप यांवरून ते उपग्रह दिसत नसतानाही गाडी कुठे पोचली याचा हिशेब ठेवतं. कोस्टल रोडच्या बोगद्यात माझ्या फोनवरचा बाण अडकतो, नाहीतर वरच्या मलबार हिलच्या गल्लीत उडी मारतो. गाडीचा बाण सरळ चालतो.

मे महिन्यात काचेला लावलेला फोन तापतो, स्क्रीन मंद होतो, चार्जिंग थांबतं. आणि ऐन फाट्यावर कुणाचा तरी फोन येऊन नकाशा झाकला जातो. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना तर वेगळं सांगायलाच नको. बॅटरीत किती चार्ज उरलाय आणि घाट चढून पुढचं चार्जिंग गाठता येईल का, हे गाडीला कळतं. फोनला आपण होऊन कळत नाही.

डेक्कनचा_चालक
घाटवाट, निम्मं बरोबर, निम्मं दहा वर्षांपूर्वीचं. जीपीएसला नेट लागतच नाही. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला की फोन ताम्हिणीतही नवा रस्ता शोधून देतो.

आता तुमच्या भरलेल्या नकाशाबद्दल. माझ्या आधीच्या गाडीत होता. समृद्धीवर नागपूर ते शिर्डी वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, पुढचे टप्पे येत गेले, इगतपुरी ते आमणे जून २०२५ मध्ये खुला झाला. आमची गाडीबाई मात्र ताशी १२० ला कपाशीच्या शेतातून चालल्याचं दाखवायची आणि "शक्य असेल तेव्हा मागे वळा" म्हणायची. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर नकाशा ताजा करायचे एवढे पैसे सांगितले की त्यात नागपूरला जाऊन आलो असतो. नव्या गाड्यांत सिमकार्ड असतं म्हणाल, तर पहिली काही वर्षं फुकट आणि पुढे वर्गणी.

आणि कोंडी? खंबाटकीत ट्रक उलटलाय हे फोनला पुढच्या हजार फोनांवरून कळतं. गाडीत भरलेल्या नकाशाला कुठून कळणार?

टुरिस्टवाला_सांगली
मी पोटासाठी गाडी चालवतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकतं, त्यावर बोट ठेवलं की नकाशा सुरू. गाडीच्या स्क्रीनवर एकेक अक्षर जुळवत "श्री समर्थ मंगल कार्यालय" कोण लिहिणार, आणि लिहून सापडतं कुठे? लग्नसराईत एका नावाची पाच-पाच कार्यालयं असतात.

फोन हातात नको, स्टँडवर हवा, एवढंच. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आहे की मोबाइल रस्ता बघायला चालतो, पण चालवताना लक्ष विचलित होता कामा नये. तरी हातात धरून चालवणारे रोज दिसतात.

घाटवाट
टुरिस्टवाले, तुमचा मुद्दा मान्य. पत्ता शोधण्यात फोन पुढे आहे. पण पत्ता शोधणं आणि घाटात न चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेक्कनचे चालक, नकाशा "आधी उतरवून ठेवला की" म्हणता. किती जण ठेवतात? माझ्या मेहुण्यांना ती सोय आहे हेच माहीत नव्हतं. अंबोलीत धुक्यात रेंज गेल्यावर ते माहीत करून घ्यायची वेळ नसते.

निजामपूरकर
माफ करा, मध्येच बोलतो. तुमचा नकाशा गाडीत असो की फोनात, आम्हाला दोन्हीचा त्रास आहे, पण फोनचा जास्त.

मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि माणगावची कोंडी दर गणपतीला ठरलेली. गाड्या तुंबल्या की फोन सांगतो डावीकडे वळा, इतकी मिनिटं वाचतील. एक वळला की मागचे दहा वळतात. रस्ता कुठला? आमच्या वाडीतला. एका बाजूला भाताचं खाचर, दुसऱ्या बाजूला गडगा म्हणजे दगडी कुंपण, समोरून बैलगाडी आली तरी एकाने थांबायचं. तिथे सात सीटांच्या गाड्या घुसतात, पुढे साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, अडकतात आणि मागेही जाता येत नाही. गेल्या गणपतीत शेजारच्या काकूंना श्वास लागला. रिक्षा वाडीत येईना. खुर्चीत बसवून चौघांनी हायवेपर्यंत उचलून नेलं. त्या वाचल्या, पण तो अर्धा तास आम्ही विसरणार नाही.

डेक्कनचा_चालक
काकूंचं ऐकून वाईट वाटलं. पण रस्ता सार्वजनिक आहे ना? इतकी वर्षं हायवे होत नाही, लहान मुलं गाडीत रडताहेत, तर माणूस दुसरा रस्ता शोधणारच. दोष हायवेचा आहे, वळणाऱ्याचा नाही.

निजामपूरकर
सार्वजनिक म्हणजे तुमच्या गतीसाठी आमच्या दाराची पायरी फोडायची? गडगा दोनदा पडला, कुणी खाली उतरून बघितलंही नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटमधून रात्रभर दोनशे गाड्या गेल्या तर तुम्ही वॉचमनला काय सांगाल?

डेक्कनचा_चालक
सोसायटी खासगी असते, तुमचा रस्ता ग्रामपंचायतीचा आहे. तुलना करताना तरी विचार करा.

रातपाळी
दोघेही आवाज खाली घ्या. चालकसाहेब, कायदा तुमच्या बाजूचा असेल, पण साकवावर अडकलेली गाडी कायद्याने मागे जात नाही.

फोनला रस्त्याची लांबी आणि वेग कळतो, रुंदी कळत नाही, हे खरं दुखणं आहे. गूगलने जुलै २०२४ मध्ये अरुंद रस्ते टाळायची सोय आणली, ती आधी आठ शहरांत. त्यात महाराष्ट्रातलं एकही नव्हतं, वाडी-वस्तीचं तर नावच नको.

घाटवाट
मी हेच सांगतोय. फोनवर डोळे मिटून विश्वास ठेवला की काय होतं? जानेवारी २०२१, अकोले तालुका. रात्री नकाशाप्रमाणे गेलेली गाडी कोतूळच्या पुलावर गेली, आणि पूल धरणाच्या पाण्याखाली होता. एक जण बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तिघे अर्धवट पुलावरून रामगंगा नदीत कोसळले.

रातपाळी
घाटवाट, ही उदाहरणं तुमच्या बाजूची नाहीत. गाडीतल्या नकाशावरही तो पूल पूलच दिसला असता. कोतूळचा पूल दरवर्षी काही महिने पाण्याखाली जातो हे गावातल्या पोराला माहीत असतं, कुठल्याही यंत्राला नाही. बरेलीला पुलाचा भाग पुरात वाहून गेला होता आणि वाट अडवलेली नव्हती. गुन्हा बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही दाखल झाला. मेलेल्या माणसांना आपल्या वादासाठी वापरू नका.

घाटवाट
वापरत नाही. मला ते मनापासून लागतं म्हणून लिहिलं. पण ठीक आहे, पुलांच्या बाबतीत गाडीचा नकाशाही आंधळाच, हे मान्य. वरंधा घाट दर पावसाळ्यात बंद होतो, तोही जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वाचूनच कळतो. बोगद्याचं आणि बॅटरीचं मात्र मी सोडणार नाही.

डेक्कनचा_चालक
बोगद्याचं सोडा. अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) केबलने जोडा, बऱ्याच गाड्या आपला टपावरचा जीपीएस आणि चाकांचा वेग फोनला देतात. नकाशा फोनचा, अँटेना गाडीचा. आणि इगतपुरीच्या आठ किलोमीटरच्या बोगद्यात वळायचं तरी कुठे आहे?

बॅटरीचं मान्य. इलेक्ट्रिक घेतली तर गाडीचाच नकाशा वापरेन. पेट्रोल गाडीसाठी त्याचे जादा पैसे देणार नाही.

टुरिस्टवाला_सांगली
निजामपूरकर, तो रस्ता चारचाकीचा नाही असं ॲपमधून कळवता येतं. नकाशात "रस्ता दुरुस्त करा" असं असतं, पाच-सहा जणांनी मिळून पाठवा.

निजामपूरकर
पाठवला, दादा. पोरांनी फोटोसकट पाठवला. काही झालं नाही. यंदा ग्रामसभेत ठराव घेतलाय. साकवाच्या अलीकडे दोन लोखंडी खांब, मधून रिक्षा आणि टेंपो जाईल एवढीच जागा. हायवेच्या फाट्यावर पाटी : पुढे मोठी गाडी जात नाही. गणपतीच्या आधी लागेल.

डेक्कनचा_चालक
खांबांना रात्री दिसेल असा चमकणारा पट्टा लावा. आम्ही रात्रीच निघतो.