सेफ स्ट्रिंग कॉपीला मराठीत 'सुरक्षित' म्हणायचं का? (शब्दचर्चा)

प्रश्न

सी भाषेत प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांसाठी मराठीत नोट्स लिहितेय. पॉइंटरपर्यंत गाडी बरी चालली होती पण स्ट्रिंगच्या धड्यात येऊन रुतली. 'सेफर स्ट्रिंग हेल्पर्स' म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) जागेचा हिशोब ठेवून कॉपी करणारी किंवा लिहिणारी फंक्शन्स, स्ट्रएनकॉपी, स्ट्रएलकॉपी, एसएनप्रिंटएफ वगैरे मंडळी, यांना एकत्र काय म्हणायचं? पहिल्या झटक्यात 'सुरक्षित स्ट्रिंग मदतनीस' लिहिलं आणि स्वतःच हसले, कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन बाजूला उभं आहे असं वाटलं. हेल्पर ठेवते हेल्परच, तो प्रश्न नाही. प्रश्न 'सुरक्षित'चा आहे. शिवाय ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाणं), ट्रंकेशन (जागा संपली म्हणून मजकूर अर्धा राहणं), नल टर्मिनेटर (स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शेवटी असणारा शून्य बाइट) यांचंही बघायचंय. स्ट्रिंगला अक्षरमाला सुचवू नका प्लीज, कुणी बोलत नाही तसं.

प्रतिसाद

स्ट्रिंगला स्ट्रिंगच. वाद संपला.

पण 'सुरक्षित'वर मी अडणार. तुमच्या यादीतलं पहिलंच नाव बघा, स्ट्रएनकॉपी. हिला सेफ म्हणणारे लोक निम्मे तरी असतील आणि ते सगळे चुकतात. ही बाई स्ट्रिंगसाठी जन्मलीच नव्हती. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतल्या फाइलच्या नावाला १४ बाइट्सचा ठरलेला रकाना असायचा, तो भरायला ही. नाव छोटं असेल तर उरलेल्या जागेत शून्यं भरत जायचं, जसं आपण फॉर्ममधल्या रिकाम्या जागेवर रेघ मारून टाकतो म्हणजे नंतर कुणी काही घुसवू नये, आणि नाव बरोबर १४ चं असेल तर शेवटी शून्य टाकायचंच नाही, कारण रकाना कुठे संपतो ते सगळ्यांना माहीतच आहे. रकान्यासाठी एकदम शहाणं वागणं. पण त्याच रकान्याला पुढे कुणी स्ट्रिंग समजून छापायला प्रिंटएफला दिलं की ते शून्य शोधत पार शेजारच्या मेमरीत जातं.

म्हणून माझ्या मते हिचं मराठी 'रकाना भरणे'. सुरक्षित कॉपी नाहीच, मुळात कॉपीही अर्धीच.

प्रतिसाद

ओव्हरफ्लोला बऱ्याच ठिकाणी 'उतू जाणे' वाचलंय. मला नाही पटत. दूध उतू गेलं की दूध वाया जातं, शेगडी घाण होते, बस. इथे सांडलेलं वाया जात नाही, ते शेजारच्या व्हेरिएबलवर जाऊन बसतं आणि शेजारी बिचारा तेच आपलं समजून कामाला लागतो. याला आपल्याकडे जास्त नेमका शब्द आहे, बांध कोरणे! दर वर्षी नांगर टाकताना वीतभर बांध कोरायचा, शेजाऱ्याला कळेपर्यंत दोन सऱ्या आपल्या.

विशेषतः एका बाइटची चूक असते ना, स्ट्रएनकॅटला (एका स्ट्रिंगच्या शेवटी दुसरी जोडणारं फंक्शन) उरलेली जागा देताना शेवटच्या शून्याची एक जागा वजा करायची राहते, ती तर शंभर टक्के बांध कोरणंच.

आणि मोठ्या दरोड्याचं उदाहरण हवं असेल तर १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःच पसरत गेलेला प्रोग्राम. फिंगर सर्व्हरमध्ये (युजरची माहिती देणारा प्रोग्राम) गेट्स नावाचं ओळ वाचणारं फंक्शन वापरलेलं, बफर (मजकूर ठेवायची ठरलेली जागा) ५१२ बाइट्सचा, वर्मने पाठवले ५३६. वरच्या २४ बाइट्समध्ये सगळा खेळ. गेट्सला बफर केवढा आहे हे सांगायची सोयच नव्हती, ते फंक्शन सीच्या स्टँडर्डमधून काढायला २०११ उजाडलं.

प्रतिसाद

बांध कोरणारा मुद्दाम कोरतो हो. प्रोग्रामर बिचारा झोपेत.

प्रतिसाद

कोर्टात सगळेच झोपेत असतात 😄

प्रतिसाद

नल टर्मिनेटरबद्दल. हा 'नल' देवनागरीत आला की घोटाळा होतो. एक एल वाला नल म्हणजे आस्कीमधलं (अक्षरांना नंबर देणारी यादी) शून्य नंबरचं कॅरॅक्टर, आणि दोन एल वाला म्हणजे कुठेही न दाखवणारा पॉइंटर. रोमन लिपीत निदान स्पेलिंग वेगळं आहे, आपल्याकडे दोघंही नल, आणि घाईत टाइप केलं तर नळ. पोरांना 'स्ट्रिंगच्या शेवटी नल हवा' आणि 'पॉइंटर नल आहे का बघा' ही दोन वाक्यं एकाच पानावर दिली तर ती गोंधळणारच. मी शिकवताना पहिल्याला 'शेवटचं शून्य' म्हणतो आणि नल हा शब्द फक्त पॉइंटरसाठी राखून ठेवतो. 'समाप्तिचिन्ह' पण चालेल पण ते तोंडात बसत नाही. कुणी 'पूर्णविराम' म्हणेल, नको, पूर्णविराम वाक्यात दिसतो आणि मजकुरात खरंच असतो, उद्या पोरगं शेवटी टिंब टाकून येईल.

प्रतिसाद

ट्रंकेशनला 'छाटणी' देऊ नका असं मला कळकळीने वाटतं. छाटणी माळी करतो, बघून, विचार करून, झाड वाढावं म्हणून. इथे जागा संपली म्हणून शेपूट तुटलंय. छाटणं आणि तुटणं, क्रियापदातच फरक आहे, एकात करणारा असतो आणि दुसऱ्यात नसतो. कोडमध्येही हाच फरक बघायचा असतो, कापलं गेलं हे कुणाला माहीत होतं का.

आणि देवनागरीत तर शेपूट तुटणं फार वाईट. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं, काना, मात्रा, हलन्त सगळं धरून. 'मारू नका' हे एक वाक्य घ्या. म, काना, र, दीर्घ ऊकार हे १२, मधली स्पेस १, पुढे न, क, काना हे ९, एकूण २२ आणि शेवटचं शून्य धरून २३. आता हे १४ च्या बफरमध्ये कोंबा. शून्याला एक जागा सोडली की उरले १३. बरोबर 'मारू ' एवढंच बसतं. एकही बाइट हद्दीबाहेर गेला नाही, शून्य जागेवर, क्रॅश नाही, सगळं 'सुरक्षित'. आणि अर्थ उलटा. ध चा मा करायला एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं, इथे नुसती जागा कमी पडली.

बफर १६ चा असेल तर अजून मजा, १५ बाइट्स म्हणजे 'मारू ' आणि पुढे 'न'चे तीनपैकी दोन बाइट्स. स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं आणि लोक फॉन्टला शिव्या देतात.

प्रतिसाद

मारू नकाचं उदाहरण चोरतोय, आधीच सांगून ठेवतो.

आता यातच रिटर्न व्हॅल्यूचा (फंक्शन शेवटी जो आकडा परत देतं त्याचा) मुद्दा घ्या कारण माझ्या मते खरी शब्दचर्चा तिथे आहे. 'परतावा' शब्द वापरू नका, ते पैशाचं वाटतं. मुद्दा वेगळा. एसएनप्रिंटएफ काय परत देतं? किती लिहिलं ते नाही. पुरेशी जागा असती तर किती लिहिलं असतं, ते. मराठीत हे दोन शब्दांत बसतं, एक 'लागलं' आणि एक 'लागलं असतं'. शाळेत संकेतार्थ म्हणून पाठ केलं होतं ना, तेच. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) एससीएनप्रिंटएफ म्हणून भावंड आहे ते 'लागलं' सांगतं. एसएनप्रिंटएफ 'लागलं असतं' सांगतं. नोट्समध्ये एवढं एक वाक्य टाकलं तरी पोरांचे दोन दिवस वाचतील, माझे गेलेत म्हणून सांगतोय.

झालं असं, आधीच्या एका नोकरीत लॉगची ओळ तुकड्यातुकड्याने जोडायचो, २५६ चा बफर, प्रत्येक वेळी एसएनप्रिंटएफ जे परत देईल ते पोझिशनमध्ये मिळवायचं आणि उरलेली जागा म्हणजे २५६ वजा पोझिशन. सगळे म्हणायचे सेफ फंक्शन वापरलंय, रिव्ह्यूत पास. एक दिवस लांबलचक पाथ आला, पोझिशन ४० वर होती, फंक्शन म्हणालं २६० लागले असते, आम्ही समजलो लागले. पोझिशन झाली ३००. आता २५६ वजा ३००, आणि हिशोब अनसाइन्डमध्ये (जिथे उणे आकडे नसतातच), म्हणजे उणे ४४ च्या जागी अवाढव्य आकडा. पुढच्या कॉलला वाटलं मैदान मोकळंय. त्याने बफरच्या ४४ बाइट्स पुढे जाऊन लिहिलं. तिथे एक काउंटर राहायचा. काउंटर अचानक ८०८४६४४३२ दाखवायला लागला, आणि मी दोन दिवस काउंटर वाढवणारा कोड वाचत बसलो, लॉककडे संशयाने बघत. शेवटी एका सहकाऱ्याने तो आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायात) टाकला, ३०३०३०३०. म्हणजे चार वेळा '०' हे अक्षर. लॉगमधला शून्यं लावून छापलेला एरर नंबर होता तो!

प्रतिसाद

अरे हा तर क्लासिक आहे. आकडा विचित्र दिसला की आधी हेक्स, हे भिंतीवर लिहून ठेवायला पाहिजे.

प्रतिसाद

तर मग 'सुरक्षित'कडे परत येऊ. वर सगळ्यांनी जे सांगितलं त्यातून मला तरी असं दिसतं की ही फंक्शन्स सुरक्षित वगैरे नाहीत, ती सावध आहेत, आणि प्रत्येकाचं सावधपण वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. 'सुरक्षित' ही अवस्था झाली, कोड सुरक्षित असतो किंवा नसतो. 'सावध' हा स्वभाव. सावध माणूसही पडतो, फक्त कमी वेळा.

स्ट्रएलकॉपी बघा. १९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली, टॉड मिलर आणि थिओ द राट यांची. शेवटचं शून्य नक्की टाकते (बफरचा आकारच शून्य दिला नसेल तर), आणि परत काय देते तर मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी. म्हणजे ही पण 'लागलं असतं' पंथाची. शेपूट तुटलं का ते तुम्ही तुलना करून ओळखायचं. ग्लिबसीवाल्यांनी (लिनक्सवरची सीची नेहमीची लायब्ररी) ती कित्येक वर्षं घेतली नाही, त्यांचं म्हणणं असं की गुपचूप तुटण्याने चूक दबते, आणि अगदीच चूक नव्हतं ते. शेवटी २०२३ मध्ये २.३८ आवृत्तीत घेतली, आणि २०२४ च्या पॉझिक्समध्येही (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) ती आली. गंमत म्हणजे त्याच सुमारास लिनक्स कर्नलने ६.८ मध्ये तिला निरोप दिला. कारण पूर्ण लांबी सांगायची म्हणजे मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचायलाच हवी, आणि तिलाच शून्य नसेल तर? ठेवायच्या बाजूला सावध, घ्यायच्या बाजूला बिनधास्त. कर्नलमध्ये २०१५ पासून स्ट्रएसकॉपी आहे, ती किती उतरवलं ते सांगते आणि तुटलं तर सरळ उणे ई-टू-बिग, म्हणजे 'मावत नाही' असा एरर कोड. तुटल्याचं तोंडावर सांगते, तुम्ही ऐकलं नाही तर तुमचं नशीब.

प्रतिसाद

आणि सीच्या स्टँडर्डच्या परिशिष्टात, अॅनेक्स के मध्ये, शेवटी अंडरस्कोर एस लावलेली स्ट्रकॉपी आहे तिला काय म्हणाल? ती तर तोडतच नाही. जागा पुरत नसेल तर बफरच्या पहिल्या जागी शून्य ठेवते आणि हँडलरला (चूक झाल्यावर चालणारं फंक्शन) हाक मारते, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत काही बदललं नसेल तर प्रोग्रामच बंद. ही सावध नाही, ही अडेल आहे. मला आवडते, पण सर्व्हरवर रात्री तीनला आवडत नाही.

प्रतिसाद

'अडेल' मस्त. मी मात्र 'सुरक्षित' अगदी हद्दपार करणार नाही. नवशिक्याला शोधायचं तर तो 'सेफ स्ट्रिंग'च शोधणार. मथळ्यात सेफ ठेवा आणि पहिल्याच परिच्छेदात त्याची हवा काढा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं. ठरलं ते असं, स्ट्रिंग, बफर, हेल्पर जसेच्या तसे. एक एल वाल्या नलला शेवटचं शून्य. ट्रंकेशनला शेपूट तुटणं (औपचारिक ठिकाणी नुसतं 'तुटणं'). ओव्हरफ्लोला ओव्हरफ्लोच, पण समजावताना बांध कोरणे वापरणार. कॉपी करण्याला मी 'उतरवणे' घेतेय, वहीत उतरवून घेतो तसं, नक्कल म्हटलं की परीक्षेचा वास येतो. आणि गटाचं नाव 'सावध हेल्पर्स'. धड्यातलं पहिलं वाक्य आत्ताच लिहिलं, बघा बरं :

'स्ट्रएसकॉपी १६ च्या बफरमध्ये जास्तीत जास्त १६ अक्षरं उतरवते, शेवटचं शून्य नक्की टाकते आणि शेपूट तुटलं तर उणे आकडा परत देऊन तसं सांगते.'

प्रतिसाद

अक्षरं नाही, बाइट्स. 'पत्ता' लिहिलं की पाच चिन्हांत १५ बाइट्स संपले. आणि १६ नाही, १५. सोळावी जागा शून्याची.

मूळ प्रश्नकर्ती

घ्या, बांध मीच कोरला. दुरुस्त करते.