‘निषेध’, ‘आवाज’, ‘दाद’ : निवेदनातले शब्द कन्नडमध्ये गेल्यावर कुठे अडतात?

खानापूर : आमच्या कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात कॉलेजच्या मुलामुलींच्या निवेदनांत ‘निषेध’ आणि ‘आवाज उठवणे’ हे शब्द हमखास असतात, मग मागणी बसफेरीची असो की मराठीतून कागदपत्रे मिळण्याची. सोबत कन्नड प्रत जोडताना ‘निषेध’ला काय लिहावे? आणि बातम्यांत येणारी ‘तरुणांमधील अशांतता’ बरोबर म्हणायची का?

वडगाव, बेळगाव : ‘निषेध’ तसाच्या तसा उतरवू नका. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई, आणि कन्नडने तोच अर्थ ठेवला आहे. ‘मद्यपान निषेध’ म्हणजे दारूबंदी, जमावबंदीचा हुकूम म्हणजे ‘निषेधाज्ञे’. मराठीत जुना अर्थ ‘निषिद्ध’, ‘विधिनिषेध’ यांत उरला. सुटा ‘निषेध’ म्हणजे जाहीर नापसंती. ‘दरवाढीचा निषेध’ शब्दशः कन्नडमध्ये नेला तर दरवाढीवर बंदी आली असे वाचले जाईल.

निदर्शनांना ‘प्रतिभटने’ लिहा. नुसता शब्दांनी धिक्कार असेल तर ‘खंडने’. इथेही जपून: मराठीत ‘आरोपाचे खंडन’ म्हणजे आरोप खोडून काढणे, कन्नडमध्ये ‘खंडिसुत्तेवे’ म्हणजे आम्ही धिक्कार करतो.

निपाणी : याच जातीचे आणखी एक उदाहरण. 1 नोव्हेंबरच्या ‘काळा दिना’ला कन्नड वृत्तपत्रे ‘कराळ दिन’ लिहितात. सीमाभागातले मराठी लोक पाळतात तो काळा दिन 1956 च्या राज्य पुनर्रचनेतून आला, त्यात दुखवटा आहे. दंडाला काळी फीत, मूक फेरी. ‘कराळ’मध्ये भयानकपणा आहे, आपल्या ‘विक्राळ’सारखा. एका अक्षराच्या फरकाने दुःखाचा दिवस धाकाचा वाटू लागतो. कन्नड मित्रांशी बोलताना हा फरक मुद्दाम उलगडून सांगावा, निम्मा गैरसमज तिथेच मिटतो.

टिळकवाडी : ‘आवाज उठवणे’ आता मराठीत रुळले आहे, चूक नाही. पण त्यात कुणापुढे आणि कशासाठी हे येत नाही. ‘दाद मागणे’त येते. दाद हा फारसी शब्द, अर्थ न्याय. दाद मागायची ती कुणाकडे तरी, आणि मग ती लागते किंवा लागत नाही. गाण्याला दाद देणे तेवढे तरुणांच्या तोंडी राहिले, हे नुकसान आहे.

नमुन्याचे वाक्य घ्या : ‘बसअभावी होणाऱ्या अन्यायाविरुद्ध विद्यार्थी आवाज उठवत असून प्रशासनाने याची दखल घ्यावी.’ साहेबांनी कागद वाचला की दखल घेतली गेलीच! त्याऐवजी : ‘सकाळी 7.30 च्या आत तालुक्याच्या गावी पोचणारी एकही फेरी नाही. सोमवार ते शनिवार अशी एक फेरी सुरू करावी व निर्णय लेखी कळवावा.’ यात वेळ, वार, संख्या आणि क्रियापद आहे. हो किंवा नाही म्हणावेच लागते. मायना परिवहनच्या विभागीय नियंत्रकांचा हवा. तहसीलदारांना दिले तर ते फार तर पुढे पाठवतील, म्हणून त्यांना फक्त प्रत.

खानापूर : मराठीतले निवेदन घेत नाहीत, असे मुले म्हणतात.

टिळकवाडी : घटनेचे कलम 350 पाहा. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. भाषेवरून परत करता येत नाही. मात्र उत्तर मराठीतच मिळेल, असे ते कलम म्हणत नाही. म्हणून कन्नड प्रत जोडावी, दोन्हींत मुद्द्यांचे आकडे तेच ठेवावेत.

आता ‘पोच’. कन्नड कार्यालयात पोचेला ‘स्वीकृति’ म्हणतात. मराठी कानाला वाटते मागणी मान्य झाली. तसे नव्हे, कागद मिळाला एवढेच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही असे चारही घ्या. पुढे येणाऱ्या लेखी उत्तराला ‘हिंबरह’ म्हणतात. ते मागितले नाही तर प्रकरण स्वीकृतीवरच थांबते. निवेदन देतानाचा फोटो निघतो, पोच घ्यायची राहून जाते. सगळ्यात जास्त निवेदने इथेच मरतात.

वडगाव, बेळगाव : ‘अशांतता’बद्दल. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांनी टिळकांना इंग्रजीत जे बिरुद चिकटवले, ते मराठीने ‘असंतोषाचे जनक’ असे घेतले, ‘अशांततेचे’ असे नाही. असंतोषाला कारण असते, तो विचारता येतो. अशांतता फक्त शमवायची असते. नोकरी, भाषा, बस यांबद्दल तरुण बोलतात तेव्हा शब्द ‘असंतोष’च हवा.

‘दंगल’ तर आणखी जपून वापरा. कायद्यात पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव आणि त्यातल्या कुणीही जमावाच्या समान उद्देशासाठी बळाचा वापर केला की दंगल होते, आणि जमावातला प्रत्येक जण दोषी धरला जातो (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 146, आता न्याय संहितेचे 191). घोषणाबाजीला व्हॉट्सअॅप गटावर कौतुकाने ‘दंगल केली’ लिहिणारा मुलगा स्वतःविरुद्धच लिहून ठेवतो.

निपाणी : आणि जमावबंदी म्हणजे संचारबंदी नव्हे. पहिलीत एकट्याने निवेदन द्यायला जाता येते, दुसरीत घराबाहेर पडायलाच मनाई. जमावबंदीचे, फौजदारी प्रक्रिया संहितेतले पूर्वीचे कलम 144 आता 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचे 163 झाले. दंडाधिकाऱ्यांचा आदेश दोन महिन्यांपुढे चालत नाही; मुदत राज्य सरकारच वाढवू शकते. आदेशावरची तारीख आधी वाचावी.

खानापूर : मग ‘गलाटा’?

वडगाव, बेळगाव : कन्नडमध्ये ‘गलाटे’. आरडाओरडा, बाचाबाची. घरात भावंडांचाही गलाटा होतो. दंगलीला कन्नड ‘गलभे’. बोलण्यात गलाटा खुशाल म्हणा, निवेदनात ‘घोषणा दिल्या’ असे लिहा.