एएफ (हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडणं) आहे, पर्वती परत चढू का? घड्याळ १५१ ठोके दाखवतंय

टेकडीवाला६१
नमस्कार मंडळी. वय ६१, पुणे. वीसेक वर्षं रोज पहाटे पर्वती, अधूनमधून रविवारी सिंहगड, त्यामुळे आपल्याला काही होत नाही असा जो माज होता तो मार्चमध्ये उतरला. अर्ध्या पायऱ्यांवर छातीत कोणीतरी ताल सोडून ताशा बडवतंय असं झालं, खालीच बसलो, रोजच्या ग्रुपमधल्या एकाने रिक्षात घालून नेलं आणि ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफ, निघालं. शॉक देऊन ठोके लायनीवर आणले, ते तीन आठवडे टिकले, परत पहिले पाढे पंचावन्न. आता ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे, व्हॉल्व्हला काही नाही. डॉक्टर म्हणाले हलका व्यायाम करा, हलका म्हणजे किती हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.

मुलाने मनगटावरचं घड्याळ आणून दिलंय. ते चालताना मिनिटाला ठोके ८८ दाखवतं, मग १५१, मग एकदम ७४. मी तोच, रस्ता तोच. जास्तीत जास्त ठोके काढायला २२० मधून वय वजा करतात, ते केलं की १५९ येतात, म्हणजे १५१ ला मी टोकाला पोचलो का? बायकोने बूट पलंगाच्या पेटीत टाकून वर दोन गाद्या ठेवल्यात, त्यामुळे सध्या चपला घालून सोसायटीत फेऱ्या मारतोय चोरासारखा. कोणी यातून गेलंय का?

ठोके_आणि_पाढे
काका, मी फिजिओ आहे, हार्ट रिहॅबमध्येच काम करते. तुमची फाईल बघितलेली नाही त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना विचारून, आणि सुरू करायच्या आधी स्ट्रेस टेस्ट (चालायला लावून ईसीजी बघतात ती) होईल का तेही विचारा.

आधी ते २२० वजा वय विसरा. मेटोप्रोलॉल ठोके फारसे वाढू देत नाही आणि एएफमध्ये ते स्वतःच्या मर्जीने उड्या मारतात, त्यामुळे तो आकडा तुमच्यासाठी कामाचा नाही. घड्याळाचं पण तेच, ते मनगटात पोचलेले ठोके मोजतं. एएफमध्ये काही ठोके इतके हलके पडतात की मनगटापर्यंत येतच नाहीत, म्हणून ७४ ला निश्चिंत होऊ नका आणि १५१ ला घाबरू नका. नाडी हाताने मोजायची तर पूर्ण एक मिनिट, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. निवांत बसल्यावरही ११० च्या वर जात असेल तर व्यायाम राहू द्या, आधी डॉक्टरांना फोन.

आम्ही आकड्याऐवजी दम बघतो. बोर्ग स्केल म्हणून एक आहे, ६ ते २०, सहा म्हणजे खुर्चीत बसलोय आणि वीस म्हणजे आता पाय उचलणार नाही. सुरुवातीला ११ ते १३ मध्ये राहायचं. घरी याचा सोपा उपाय म्हणजे चालताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एका दमात दोन-तीन ओळी झाल्या तर वेग बरोबर, प्रत्येक ओळीला थांबावं लागलं तर कमी करा, आणि तान घेऊन गाता येत असेल तर तुम्ही फिरायला आलाय, व्यायामाला नाही. (एकोणतीसला अडलात तर तो दोष हृदयाचा नाही.)

पर्वती इतक्यात नको, जिने चढणं हलक्यात येत नाही. खाली सारसबागेला सपाटीवर १०-१५ मिनिटं, त्याच्या आधी दहा मिनिटं सावकाश, शेवटी पण तसंच. चालता चालता एकदम थांबून बाकावर बसू नका, ह्या गोळ्यांवर बीपी खाली येऊन चक्कर येते आणि रक्त पातळ असताना डोकं आपटणं म्हणजे वेगळंच लफडं. छातीत दुखलं, डोळ्यापुढे अंधार आला किंवा बोलता येण्याजोगा दम परत येतच नसेल तर थांबा आणि कोणाला तरी बोलवा.

प्राणायामप्रेमी
एवढी यातायात कशाला, अनुलोम विलोम करा, गोळ्या सुटतील. माझ्या साडूंच्या सुटल्या.

ठोके_आणि_पाढे
प्राणायामाला ना नाही. अमेरिकेत कॅन्सासमध्ये एएफच्या ४९ जणांना तीन महिने योग करायला लावला होता, २०१३ साली छापून आलंय, एएफचे त्रास होणारे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले. पण तो छोटा अभ्यास आहे, तुलनेला वेगळा ग्रुप नव्हता आणि गोळ्या बंद करा असं त्यात कोणी म्हटलेलं नाही. रक्त पातळ करायची गोळी पॅरालिसिसचा झटका येऊ नये म्हणून असते, बरं वाटतंय म्हणून ती सोडायची नसते. साडूंना कृपया परत डॉक्टरकडे पाठवा.

सांगलीची_लेक
थोडं वेगळं आहे पण कोणाला तरी उपयोग होईल. आईला पेसमेकर आहे, ठोके फार कमी पडायचे म्हणून. गुडघे दुखतात म्हणून आम्ही हौसेने घरी स्टॅटिक सायकल घेतली तर पाच मिनिटांत तिला धाप, आणि चालायला गेली की काही नाही. आम्हाला वाटलं नाटक करतेय. चेकअपला मशीन तपासणाऱ्या मुलाने सांगितलं की हिच्या पेसमेकरमध्ये अंग किती हलतंय हे ओळखणारा सेन्सर आहे, सायकलवर फक्त पाय फिरतात, छाती जागची हलत नाही, त्यामुळे मशीनला वाटतं बाई बसल्यात आणि ते ठोके वाढवतच नाही!! त्याने सेटिंग थोडं बदललं, पण शेवटी आई गच्चीत चालतेच, सायकलवर सध्या टॉवेल वाळतात.

आणि मशीन बसवल्यावर त्या बाजूचा हात महिना-दीड महिना खांद्याच्या वर नेऊ नका सांगतात ते ठीक आहे, पण आईने भीतीने हात हलवलाच नाही आणि खांदा आखडला, त्याचा त्रास जास्त झाला.

कॉम्रेड्सचा_कैदी
काका, मला ४७ ला एएफ निघालं, तेही पळून पळून. लोक म्हणतात व्यायाम करणाऱ्याला कसं काय. स्वीडनमध्ये वासालोपेट म्हणून ९० किलोमीटरची स्की रेस असते, त्यातल्या ५२,७५५ जणांची माहिती २०१३ मध्ये आली, ज्यांनी जास्त वेळा आणि जास्त जोरात रेस केली त्यांच्यात ठोक्यांची गडबड जास्त. म्हणून बसूनच राहायचं असं पण नाही हां. ऑस्ट्रेलियात अॅडलेडमध्ये एएफच्या १२० पेशंटवर प्रयोग झाला, अर्ध्यांना सहा महिने देखरेखीखाली व्यायाम, हळूहळू वाढवत आठवड्याला २१० मिनिटांपर्यंत. वर्षाने बघितलं तर व्यायामवाल्यांपैकी ४०% जणांना परत एएफ नाही, बाकीच्यांत २०%. म्हणजे दुप्पट, पण १०० पैकी ६० जणांना झालंच हे पण लक्षात ठेवा, मी त्या साठातला. तरी जिना चढताना आता धाप लागत नाही, मला तेवढं बस आहे. वजन जास्त असेल तर तेही उतरवा, आणि संध्याकाळची ग्लासवाली 'बैठक' असेल तर ती आधी बंद, माझी ती बंद झाल्यावरच खरा फरक पडला.

टेकडीवाला६१
तीन आठवड्यांनी लिहितोय. घड्याळ मुलाला परत दिलं. सारसबागेला २५ मिनिटांवर आलोय, पहिल्या आठवड्यात १२ लाच बास व्हायचं. पाढे बायको ऐकते, कारण ती बरोबर आल्याशिवाय बूट मिळणार नाहीत अशी अट पडली, आणि सतरा नव्वे मी दोनदा चुकलो तर तिला वाटलं मेंदूला काही झालं. बागेत लोक वळून बघतात. बैठकीबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांना आमच्या घरातून विशेष धन्यवाद आहेत, माझ्याकडून नाहीत.

स्ट्रेस टेस्ट मंगळवारी. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कॅलेंडरच्या पाठीवर लिहून झालेत, हिच्याच अक्षरात, पर्वती पाचव्या नंबरला आहे.