हॉर्न स्पीकरला ८ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरेल का?

षड्जपंचम:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं ८७ डीबीचे (१ वॉटला १ मीटरवर एवढा आवाज देणारे) बुकशेल्फ स्पीकर आणि १०० वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वापरतोय. तक्रार काही नव्हती. पण मागच्या महिन्यात एका परिचितांकडे क्लिप्श कंपनीचे ला स्काला, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडाचे हॉर्न स्पीकर, ऐकले, आणि तेव्हापासून घरी सगळं उशीखालून ऐकू आल्यासारखं वाटतंय. डग्ग्यावर मनगट घासून जो घिस्सा काढतात, तो त्या रेकॉर्डिंगमध्ये मी कितीदा ऐकलाय याची गणती नाही. पण मनगटाची कातडी डग्ग्याच्या चामड्यावरून खरखरत जाते, हे तिथे पहिल्यांदा कळलं. आवाज मोठा होता असंही नाही, आम्ही मध्ये मध्ये बोलत होतो.

खोली ५ बाय ४ मीटर. बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटर. ला स्काला घेऊ की क्लिप्शचीच हेरसी ४, असं चाललंय. अ‍ॅम्प म्हणून ३००बी ट्यूबचा सिंगल-एंडेड (पूर्ण लहर एकाच ट्यूबमधून काढणारा) मनात आहे, पण तो ८ वॉटचाच. पुरेल का? की आहे तो १०० वॉटचाच ठेवू? आणि एवढ्या खोलीत हॉर्न अंगावर येतील का?

कोपरा:
अ‍ॅम्पचं जाणकार सांगतील, मी खोलीचं सांगतो. हॉर्नला खर्ज काढायचा तर तोंड प्रचंड लागतं. ४० हर्ट्झची लहर साधारण ८.६ मीटर लांब. मोकळ्या जागेत तोंडाचा घेर तेवढा हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटर झाला. हे घरात कोण ठेवणार! कंपनीचे संस्थापक पॉल क्लिप्श यांनी त्यांचा क्लिप्शहॉर्न स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसवला तो यासाठीच. दोन भिंती आणि जमीन मिळून हॉर्नचा पुढचा भाग होतात आणि तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्शावर येतं. म्हणून तो ३३ हर्ट्झपर्यंत उतरतो. पण त्याला दोन मोकळे, धड कोपरे लागतात.

ला स्काला १९६३ चा, मुळात सभेतल्या भाषणांसाठी केलेला. आर्कान्सात विन्थ्रॉप रॉकफेलर गव्हर्नरच्या निवडणुकीला उभे होते, त्यांच्या प्रचारासाठी. त्याला कोपरा लागत नाही, पण ५० हर्ट्झच्या खाली फारसं काही मिळत नाही. हेरसीत मिड (मधले स्वर) आणि ट्वीटर (वरचे स्वर) तेवढे हॉर्नचे, खर्जाचा १२ इंची वूफर साधा. म्हणजे घिस्सा ऐकून तुम्ही ज्यावर भाळलात, तो डग्गा हेरसीत हॉर्नमधून येणार नाही. हे लक्षात घेऊन दोन्ही ऐका.

जुना कर्णा:
षड्जपंचम, घिश्श्याचं वाचलं आणि राहवलं नाही. वीस वर्षं हॉर्नवरच ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वॉटचा हिशोब आधी उरकू, तो सोपा आहे. ला स्कालाचा आकडा १०५ डीबी, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर १०५. तेवढ्याच आवाजाला तुमच्या ८७ च्या स्पीकरला ६३ वॉट लागतील. घरी मन लावून ऐकताना १ मीटरवर ८५ डीबी म्हणजे चांगला भरलेला आवाज झाला. त्याला ला स्काला ०.०१ वॉट घेतो. एक शतांश! त्यावर २० डीबीची उसळी आली तरी १ वॉट. हेरसी ९९ ची, तिला त्या उसळीला ४ वॉट. कागदावरच्या आकड्यात खोलीच्या भिंतींची मदत धरलेली असू शकते, म्हणून दोन-तीन डीबी कमी धरा. तरी ८ वॉटमध्ये भागतं, हेरसीला हात थोडा आखडता राहील इतकंच.

पण मला विचाराल तर हॉर्नसाठी अ‍ॅम्प निवडताना आधी काहीही न लावता ऐकावं. जो स्पीकर शतांश वॉटचं गाणं करतो, तो अ‍ॅम्पची प्रत्येक कुरकुरही तितक्याच निष्ठेने ऐकवतो.

हे मी भोगलंय. पहिला ट्यूब अ‍ॅम्प आणला तोही ८ वॉटचाच. माझे दोन-वे हॉर्न १०४ डीबीचे. रात्री जोडला, पंखा बंद केला, आणि गाणं लावायच्या आधीच खोलीत घुंऽऽ असा आवाज भरला. सोर्स काढला, तारा बदलल्या, फ्रिजचा प्लग काढला. घुं तसाच. तानपुरा लागला की त्यात दडून जायचा, म्हणून आठवडाभर मनाची समजूत घातली. शेवटी मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर धरला. काहीही वाजत नसताना ३ मिलिव्होल्ट. ऐकायला काहीच नाही, पण १०४ च्या स्पीकरवर ते १ मीटरवर ४४ डीबी होतात. ८७ च्या स्पीकरवर तेच २७ असते आणि मला पत्ताही लागला नसता.

३००बी, २ए३ या ट्यूबमध्ये तापणारी तार म्हणजे फिलामेंट हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असतो. तो एसीवर तापवला की मेन्सची गुणगुण थेट सिग्नलमध्ये येते. म्हणून अशा अ‍ॅम्पवर बहुधा हम-पॉट म्हणून एक छोटा स्क्रू असतो. तो केसभर फिरवायचा, मीटर बघायचा, पुन्हा केसभर. माझा ०.६ मिलिव्होल्टपर्यंत उतरला, म्हणजे १४ डीबी कमी. त्या रात्री खुर्चीत बसून मी नुसता ऐकत बसलो होतो, काही न लावता. (स्क्रू बाहेरून पोचत नसेल तर झाकण उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. जाणकाराकडूनच करून घ्या.) फिलामेंट डीसीवर तापवणारे अ‍ॅम्पही मिळतात, ते या बाबतीत निवांत.

दुसरी गोष्ट गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते. तुमच्या अ‍ॅम्पचा गेन २६ डीबी धरू, म्हणजे २० पट. डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) २ व्होल्ट देतो, म्हणजे हिशोबाने बाहेर ४० व्होल्ट होतात, १०० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमला देऊ शकतो त्याहूनही जास्त. ला स्कालाला ८५ डीबीसाठी लागतात ०.२८. मग व्हॉल्यूमची कळ आठ वाजण्याच्या जागेवरच अडकते, आणि तिथे बहुतेक व्हॉल्यूम पॉटचे (कळीमागच्या रेझिस्टरचे) डावा-उजवा दोन्ही ट्रॅक सारखे नसतात. गायक डावीकडे सरकतो आणि आपण स्पीकर हलवत बसतो. अ‍ॅम्पच्या मागे प्री-आऊट (प्रीअ‍ॅम्पचा आऊटपुट) आणि मेन-इन (पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट) जोडणारी यू आकाराची पट्टी आहे का बघा. असेल तर ती काढून मध्ये सिग्नल उतरवणारा अ‍ॅटेन्युएटर टाका: २२ किलोओहम सिरीजमध्ये, १० किलोओहम ग्राउंडला. मेन-इनचा इंपीडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) ४७ किलोओहम असेल तर साधारण ११ डीबी उतरतात. कळ मोकळी होते आणि प्रीअ‍ॅम्पचा सूंऽऽ आवाजही तेवढाच खाली जातो. तेव्हा १०० वॉटवाला इतक्यात विकू नका.

अंगावर येण्याचं म्हणाल, तर मी जितके ‘ओरडणारे’ हॉर्न ऐकले त्यातल्या बहुतेकांत मिड हॉर्न वूफरपेक्षा दोन-तीन डीबी वर ठेवलेला होता. तो उतरवला की ओरडणं थांबतं. पत्र्याचा जुना कर्णा असेल तर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. टण्ण वाजला तर बाहेरून डांबरी शीट चिकटवा, नाहीतर तो टण्ण प्रत्येक तानेत येईल.

ओहम:
जुना कर्णा यांनी आवाजाचं सांगितलं, मी एक राहिलेली गोष्ट जोडतो. फीडबॅक (आऊटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन केलेली दुरुस्ती) नसलेल्या ३००बी अ‍ॅम्पचा आऊटपुट इंपीडन्स २-३ ओहम असू शकतो. समजा स्पीकरचा इंपीडन्स कुठे ४ तर कुठे ३० ओहम होतो. २.५ ओहमच्या अ‍ॅम्पवर या दोन जागांत साडेतीन डीबीचा फरक पडतो. बऱ्याचदा ‘ट्यूबचा गोडवा’ म्हणतात तो हाच फरक असतो. कधी कानाला छान वाटतो, कधी मिड पुढे येऊन तेच ओरडणं सुरू होतं. म्हणून नुसतं ३००बी नाव बघून घेऊ नका, त्याच स्पीकरवर ऐकून घ्या.

एक सोपा उपाय आहे. ८ ओहमचा स्पीकर आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ४ ओहमच्या टॅपला (मागच्या ४ ओहम लिहिलेल्या टर्मिनलला) लावा. आऊटपुट इंपीडन्स निम्मा होतो, गुणगुण ३ डीबीने उतरते. थोडी ताकद जाते, पण १०५ च्या स्पीकरला तिची गरज कुठे आहे? आणि क्लास ए (ट्रान्झिस्टर कधीच बंद न होणारा) ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पही ऐका. नेल्सन पास यांचे फर्स्ट वॉटचे अ‍ॅम्प अशाच स्पीकरांसाठी आहेत.

जुना कर्णा:
४ ओहमच्या टॅपचं अगदी खरं. माझे गेली कित्येक वर्षं तिथेच आहेत. वरच्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

षड्जपंचम:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी माझा अ‍ॅम्प उचलून परिचितांकडे नेला. आधी घरी मोजलं, काही न वाजता ०.४ मिलिव्होल्ट. मागे यू पट्टी निघाली! २२ आणि १० किलोओहमचे रेझिस्टर एका छोट्या डबीत सोल्डर केले. डबी न लावता कळ आठवर होती आणि गाणं सरळ डाव्या स्पीकरकडे झुकलेलं. डबी लावल्यावर कळ पार वर आली आणि आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

सूं आवाज हॉर्नच्या तोंडात कान घातला तरच येतो. मी सगळं जोडून खुर्चीत येऊन बसलो, तर परिचितांनी विचारलं, “अ‍ॅम्प चालू केलाय ना?”

हेरसीही ऐकली. छान आहे, पण डग्गा तिथे मला हवा तसा आला नाही. ला स्काला ठरला. ३००बीचा विचार सध्या बाजूला, आधी याच अ‍ॅम्पवर वर्षभर ऐकेन. स्पीकर ४ मीटरच्या भिंतीला लावू की ५ च्या, तेवढं सांगा.

कोपरा:
४ च्या. ला स्काला ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल आहे. ५ च्या भिंतीला लावून ३ मीटरवर बसलात तर डोक्यामागे हातभरही जागा उरणार नाही आणि मागची भिंत कानात बोलेल. दोन्ही स्पीकर आत वळवा, इतके की त्यांच्या रेषा तुमच्या थोड्या पुढे एकमेकींना छेदतील. मग शेजारी बसलेल्यालाही मधला आवाज मधेच ऐकू येईल.