नाशिकला मीडियम वेव्ह केंद्र मिळालं नाही ते बरंच झालं?

बागलाणची लेक:
काल एका ग्रुपवर एक पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. थोडक्यात म्हणणं असं: सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी ही आकाशवाणीची छोटी मीडियम वेव्ह (एफएमपेक्षा लांब पोचणारी जुनी रेडिओलहर) केंद्रं म्हणजे पुण्या-मुंबईचं सहक्षेपण करणारे, म्हणजे तिथले कार्यक्रम जसेच्या तसे पुढे लावणारे, नुसते खांब. नाशिकला तसलं केंद्र न मिळता एफएम मिळालं हे शहराचं भाग्य. आता या केंद्रांच्या इतिहासाचे कढ काढणं थांबवा, ट्रान्समीटर भंगारात काढा आणि जमिनी मोकळ्या करा.

शहराचं भाग्य असेल, जिल्ह्याचं नाही. नाशिक म्हणजे कॉलेज रोड आणि गंगापूर रोड एवढंच ज्यांना दिसतं त्यांनी एकदा सटाणा, कळवण, सुरगाणा फिरून यावं. आमच्या घरी रेडिओ म्हणजे जळगाव, ९६३ किलोहर्ट्झ. हे केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं आणि माझ्या वडिलांच्या पिढीची शेती त्यावर चालली म्हटलं तरी चालेल. नाशिकचं १०१.४ आमच्या गावात आजही लागत नाही, मध्ये डोंगरांची रांगच्या रांग उभी आहे.

सहक्षेपणाचं म्हणाल तर सकाळच्या प्रादेशिक बातम्या पुण्याच्या असायच्या, खरंय. पण बाकीच्या वेळाचं काय? कपाशीवरची कीड, केळीचं पाणी, हवामान, लोकसंगीत. माझ्या आजीने आपल्या बोलीतलं, अहिराणीतलं गाणं पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं ते जळगाववरून. ती हातातलं काम टाकून रेडिओसमोर येऊन बसली होती. मुंबईचं केंद्र लावून तिला ते कोणत्या जन्मी ऐकायला मिळालं असतं?

आणि एक सांगा. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय आला, तेव्हा केवढी ओरड झाली आणि निर्णय थांबला. पुण्याचं गेलं तर वारसा आणि जळगावचं गेलं तर भंगार?

पंचवटीचा:
ती पोस्ट माझीच आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. ताई, तुमच्या आजींबद्दल मला आदर आहे. पण आठवण वेगळी आणि यंत्रणा वेगळी. ९६३ किलोहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३११ मीटर. तिच्या चौथ्या हिश्श्याचा खांब धरला तरी ७८ मीटर उंच. त्याच्या भोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरायच्या, म्हणजे एकरांनी जागा अडली. ट्रान्समीटर किलोवॅटमध्ये वीज खातो, ऐकणारा असो वा नसो. आणि ऐकणार कशावर? कुठल्याही मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह येत नाही. घरात एलईडीचे दिवे आणि चार्जर लागले की नुसती खरखर. हेच कार्यक्रम ॲपवर स्वच्छ ऐकू येतात. लोकांना काय हवंय, कार्यक्रम की खांब?

बागलाणची लेक:
ॲपला नेट लागतं. नेट कुठे लागतं आणि कुठे झाडावर चढावं लागतं, ते पंचवटीत बसून कळणार नाही.

वायरलेसवाले काका:
माझी सगळी नोकरी ट्रान्समीटरच्या आवाजात गेली, म्हणून दोघांनाही सांगतो. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते. डोंगराच्या मागे सावली पडते आणि त्या सावलीत गावं असतात. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीला धरून चालते, चढउतार बऱ्यापैकी पार करते, आणि ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत मुरमाड खडकापेक्षा लांब जाते. तापी खोऱ्यातून बागलाणात जळगाव ऐकू येतं त्यात नवल काही नाही. ताई इथपर्यंत बरोबर आहेत.

पण रात्रीचं कुणीच बोलत नाही. सूर्य मावळला की वातावरणातला खालचा शोषणारा थर विरतो आणि लांब लांबची केंद्रं वरून परावर्तित होऊन येतात. मग आपल्या केंद्रावर भलत्याच भाषेतली गाणी चढतात, आवाज येतो-जातो. संध्याकाळनंतर लांबच्या गावाला खात्रीची सेवा देणं या लहरीला अवघडच. तेव्हा पंचवटीवाल्यांचा खरखरीचा मुद्दा अगदीच फुकट घालवू नका.

कांदाचाळ निफाड:
तुमचं लहरींचं चालू द्या. मी मूळ दुखण्यावर येतो. शेतकऱ्यासाठी रेडिओ, शेतकऱ्यासाठी रेडिओ असं जो तो म्हणतो, म्हणून विचारतो: रेडिओवरच्या बाजारभावाने कुणाच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबात, चार पैसे वाढले? भाव सांगायचे संध्याकाळी, ते झालेल्या लिलावाचे. सकाळी ट्रॉली घेऊन उभं राहावं तर आवक वाढलेली आणि भाव पडलेला. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. तिथला भाव व्यापाऱ्याला फोनवर लगेच कळायचा, आम्हाला रेडिओवर शिळा. कसली सेवा आणि कसलं काय.

येवल्याचा पोरगा:
भाऊ, साफ चुकीचं बोलताय. शिळा भावसुद्धा हातात असला की माणूस खमका उभा राहतो. आमचे वडील गावातच कांदा द्यायचे, शिवारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला. तो म्हणेल तो भाव. घरात ट्रान्झिस्टर आल्यावर त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं, लासलगावला काल सरासरी एवढी निघाली, तू एवढं कमी का देतो? व्यापारी आधी चिडला, मग भाव वाढवून दिला. हे मी समोर उभा राहून बघितलंय.

कांदाचाळ निफाड:
एका व्यापाऱ्याने एकदा दिला, त्याचा काय पुरावा होतो? माझा अनुभव ऐका. लिलावात पुकारलेला भाव चांगला होता. खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या जागी, ट्रॉली खाली करताना तोच व्यापारी म्हणतो, माल हलका निघाला, भाव तोडून द्या. अर्धी ट्रॉली जमिनीवर ओतलेली, परत भरायची कुणी? कमी भावात दिला. रेडिओवर मात्र त्या दिवशी पुकारलेलाच भाव सांगितला असणार. म्हणजे जगाला वाटलं मला पैसे मिळाले.

येवल्याचा पोरगा:
मग तो दोष खळ्यावरच्या माणसाचा. त्याचं खापर रेडिओवर का फोडता? व्यापाऱ्यांची बाजू घ्यायचीच असेल तर सरळ घ्या.

कांदाचाळ निफाड:
तोंड सांभाळून बोला. तीन पिढ्या चाळीत कांदा साठवून सडलेला बाहेर फेकलाय आम्ही. मला व्यापाऱ्याचा माणूस म्हणणाऱ्याने आधी एक उन्हाळ कांद्याचा हंगाम काढून दाखवावा. मी म्हणतोय ते एवढंच की भाव सांगणं आणि भाव मिळणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर कुठल्याच केंद्राने कधी विचारलं नाही.

पंचवटीचा:
आवक-जावक आणि खळं यावर दुसरा धागा काढा ना. इथे प्रश्न केंद्राचा आहे.

कांदाचाळ निफाड:
केंद्र कुणासाठी, तोच प्रश्न आहे. शहरातल्यांना कांद्याचा विषय नेहमी बाजूचाच वाटतो, भाव वाढला की तेवढा मुख्य होतो.

जुनी कात्रणं:
वरच्या भांडणात एक गोष्ट कुणीच आणली नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे निवडले होते, त्यात नाशिक होतं. सुमारे दीडशे गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, नंतर चर्चा करायची, आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या. ज्या गावांत मंडळं होती तिथे माहिती इतर गावांपेक्षा स्पष्टपणे जास्त वाढलेली आढळली. पुढे हा प्रयोग देशभर नेला. म्हणजे भाव ऐकवण्यापलीकडे रेडिओ काय करू शकतो, हे आपल्याच जिल्ह्यात दाखवून झालंय. निफाडचे भाऊ म्हणतात तो खळ्यावरचा प्रश्न असल्याच मंडळात विचारला गेला असता.

पंचवटीचा:
उत्तम माहिती. पण हे पुण्याने केलं. जळगाव तेव्हा नव्हतंच. म्हणजे मोठं केंद्र सगळ्या राज्यासाठी चांगलं काम करू शकतं, हे माझंच म्हणणं सिद्ध झालं.

बागलाणची लेक:
पुणे केंद्र १९५३ चं. प्रयोग झाला तेव्हा ते केंद्र नवं होतं, आणि त्याने गावागावांत माणसं बसवली म्हणून तो यशस्वी झाला. जवळ जाण्याचं महत्त्व तिथेच कळलं होतं. म्हणून तर पुढे १९६३ ला सांगली, १९६८ ला परभणी, मग जळगाव आणि रत्नागिरी झाली. पुण्यातून सगळं भागत होतं तर सरकारने ही केंद्रं काढली कशाला? केळीवर काय पडलंय ते जळगावात बसलेल्या माणसाला आधी कळतं.

वायरलेसवाले काका:
शिवाय खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, द्यायच्याच तर आकाशवाणीच्या लावाव्या लागतात. नाशिकमध्ये चॅनल पुष्कळ झाली, पण जिल्ह्याचं बोलणार कोण, हा प्रश्न तसाच आहे.

पंचवटीचा:
ठीक. एवढं म्हणतो की ज्या गावांत एफएम पोचत नाही तिथे ते पोचेपर्यंत जळगावचा ट्रान्समीटर चालू ठेवा. एफएम पोचलं की माझं म्हणणं परत तेच: बंद करा. आणि इतिहास लिहायचा तर यंत्रांचा आणि उद्घाटनांचा लिहू नका, त्यात कुणालाही रस नाही.

बागलाणची लेक:
यंत्रांचा लिहा असं म्हटलं कुणी? ऐकणाऱ्यांचाच लिहायचा आहे. आणि "पोचेपर्यंत" हा शब्द आम्ही रस्त्याबद्दल ऐकलाय, पाण्याबद्दल ऐकलाय. आधी पोचवा, मग बंद करण्याचं बोला. पेठ, सुरगाणा, कळवणचं कुणी वाचत असेल तर आज तुमच्याकडे काय लागतं ते इथे लिहा. भंगाराचा हिशोब करणाऱ्यांना ते वाचू दे.

कांदाचाळ निफाड:
आणि खळ्यावर भाव तोडल्याचं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांनी तेही लिहा. मी विषय सोडलेला नाही.

सुरगाण्याहून:
आमच्या पाड्यावर दिवसा गुजराती केंद्र स्पष्ट लागतं. मराठी एकही नाही.