ऐरोलीतल्या रो-हाउसवर ३ किलोवॅट सोलर बसवावं का?

ऐरोली_सेक्टर
नमस्कार मंडळी. महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन आहे. वर्षाचा वापर ४,०५० युनिट: मेमध्ये ४८०, जानेवारीत २१०. वर्षाचं बिल साधारण ४९ हजार. ३ किलोवॅट ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेल्या, बिनबॅटरीच्या) संचाचं कोटेशन १ लाख ९५ हजारांचं आलंय, ७८ हजार सबसिडी धरून १ लाख १७ हजार पडतील. गच्ची ४५० चौरस फूट, दक्षिणेच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. पैसे वसूल होतील का? विक्रेता म्हणतो बिल शून्य येईल.

युनिट_मोजणारा
शून्य येणार नाही. स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क राहतंच. पण तुमच्या वापराला सोलर नक्की परवडतं, आणि त्याचं कारण स्लॅबमध्ये आहे. सोलरचं युनिट तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट आधी खातं: प्रथम ३०० च्या वरचं, मग १०१ ते ३०० मधलं, शेवटी पहिल्या शंभरातलं स्वस्त. म्हणून महिना १२० युनिट वापरणाऱ्या घराला हाच संच उशिरा वसूल होतो.

आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षाला १,३०० युनिट धरा. तुमच्या संचातून एप्रिल-मेमध्ये रोज १३ युनिट निघतील, जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम ७-८. पावसाळ्यात महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट विकत घ्यावी लागतील, पण ती बहुतेक स्वस्त स्लॅबमधली. उलट डिसेंबर ते मार्च वापर कमी आणि ऊन चांगलं, तेव्हा चारेकशे युनिट जास्तीची महावितरणकडे तुमच्या खात्यात साठतील. ती ३१ मार्चपर्यंतच पुढे ओढली जातात. उरतील त्यांना फार कमी दर मिळतो, आणि एप्रिलचं खातं नव्याने सुरू होतं. त्यामुळे ४ किलोवॅट घ्या म्हणून कोणी गळ घातली तर ऐकू नका. सबसिडीसुद्धा ३ किलोवॅटलाच थांबते: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार.

सगळं धरून वर्षाला ४०-४३ हजार वाचतील, म्हणजे तीन वर्षांच्या आसपास वसूल. सबसिडी नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही युनिट मोजणारा) लागून तपासणी झाल्यावर तुमच्या खात्यात येते, तोवर पूर्ण रक्कम हाताशी ठेवा.

गच्ची_आणि_गंज
हिशोब बरोबर आहे, पण तो सावली नसेल तरच. दक्षिणेची टाकी हा तुमचा खरा प्रश्न. मेच्या मध्यात सूर्य आपल्या डोक्यावरून जातो, त्या दिवसांत भर दुपारी गच्चीवर उभं राहून सावली बघितली तर काहीच दिसणार नाही. डिसेंबरअखेर भर दुपारीही सावली टाकीच्या उंचीच्या नऊ-दशांश लांब पडते, सकाळी नऊला याहून कितीतरी लांब. सहाही पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग एक जोडलेल्या साखळीत) असतात, एकावर सावली आली की उत्पादन घसरतं. टाकी उत्तरेला हलवणं पॅनलची जागा बदलण्यापेक्षा स्वस्त पडेल. शेजाऱ्याने मजला चढवायचं ठरवलंय का, तेही आधीच विचारा.

जागा पुरेल. ५४० वॅटचं एक पॅनल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, सहा पॅनल आणि मधली वाट मिळून पावणेतीनशे चौरस फूट.

कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या. पॅनल डीसीआर (सेलसकट भारतात बनलेले), नाहीतर सबसिडी नाही. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं), लेप ८० मायक्रॉन. खाडीची खारी हवा आहे, रंग मारलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत भोकांपाशी फुगतं. नटबोल्ट स्टेनलेस ३०४. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे: डीसी, एसी आणि आकाशातली वीज जमिनीत नेणारा लायटनिंग अरेस्टर. एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, वेगळे जोडले की आत संपर्क सैल राहून ते तापतात आणि वितळतात.

आणि कोबा फोडू देऊ नका! वॉटरप्रूफिंगमध्ये ड्रिल मारून बोल्ट ठोकले की पहिल्या पावसाचं पाणी त्याच भोकातून झिरपून खालच्या खोलीच्या छताला ओल धरते. बेसप्लेट सिमेंटच्या ठोकळ्यांत बसवायला सांगा, ठोकळा कोब्यावर ओतलेला.

ऐरोली_सेक्टर
टाकी हलवता येईल. वीज गेली की सोलर चालू राहील ना?

युनिट_मोजणारा
नाही. लाईन गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं. त्यासाठी बॅटरी घेतली तर वसुली बरीच लांबते. घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो वेगळाच चालू द्या.

गच्ची_आणि_गंज
पंधरा दिवसांनी सकाळी ऊन तापायच्या आत साध्या पाण्याने पुसा. बोअरचं पाणी नको, काचेवर पांढरे डाग बसतात. दुपारी तापलेल्या काचेवर पाणी ओतू नका.

पाचपाखाडी_कमिटी
फ्लॅटवाल्यांसाठी: गच्ची सोसायटीची असते, तिच्या परवानगीशिवाय एकट्याने बसवता येत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरवर घ्या, त्याला किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे. पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर मात्र थांबा.