वडिलांच्या नावावरची घरपट्टी नावावर करायचीय, नगरपरिषदेत नक्की काय लागतं?

चाकणवासी_गावचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव मराठवाड्यातलं, 'क' वर्ग नगरपरिषद. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इथे गावची पण मंडळी असतात आणि त्या टेबलाशी मला अजून काम पडणार आहे.

वडील गेल्या भाद्रपदात गेले. घर गावात, मी चाकणला कंपनीत, आई सध्या माझ्याकडे. दोन बहिणी, दोघींची लग्नं झालीत. दिवाळीत घर उघडायला गेलो तर दाराच्या फटीत दोन बिलं खोचलेली, घरपट्टीच्या बिलावर वडिलांचं नाव आणि नळपट्टीच्या बिलावर आजोबांचं. आजोबा १९९१ ला वारले. नळ मात्र अजून त्यांच्याच नावाने चालू, तोही चार दिवसांआड पाऊण तास.

म्हणलं आलोच आहे तर नाव लावून घेऊ. कर विभागात गेलो, तिथल्या बाबूने लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, वडिलांचं नाव सापडलं, आणि रजिस्टर मिटून म्हणाले आता सगळे निवडणुकीच्या कामात आहेत, नंतर या. ठीक. २ डिसेंबरला मतदान झालं, २१ ला निकाल लागला, नवीन नगराध्यक्षांची मिरवणूक पण झाली, मी जानेवारीत परत सुट्टी टाकून गेलो. आता म्हणतात कोर्टाचा वारस दाखला आणा, बहिणींचं हक्कसोडपत्र आणा, थकबाकी पूर्ण भरा, मग बघू. थकबाकी ११,४६० दाखवतात, त्यात जवळजवळ चार हजार नुसती शास्ती, म्हणजे उशिराचा दंड. अर्ज ठेवून घेतला पण पोच मागितली तर "विश्वास नाही का" म्हणाले. बाहेर चहाच्या गाड्यावर एक जण भेटला, तो म्हणतो आठ हजार द्या, पंधरा दिवसात नाव लावून देतो.

कोर्टात जावंच लागतं का? हक्कसोड केल्याशिवाय नाव लागतच नाही का? आणि हा आठ हजारवाला प्रकार करावा की नको? कुणी केलं असेल तर सांगा.

गल्लीतला_गण्या

त्या चहाच्या गाड्यावरच्या माणसाला आमच्याकडे "बाहेरचं ऑफिस" म्हणतात, आतल्यापेक्षा वेळेवर उघडतं.

निवृत्त_करविभाग

मी तीन जिल्ह्यांच्या नगरपरिषदांमध्ये मिळून एकतीस वर्षं काढली, बहुतेक सगळी कर विभागातच, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, पोच न घेता अर्ज दिला म्हणजे दिलाच नाही असं समजा. तो अर्ज टेबलाच्या काचेखाली जातो आणि तिथेच पिवळा पडतो. नवीन अर्ज दोन प्रतीत करा आणि कर विभागात न देता आवक-जावक टेबलाला द्या, तिथे शिक्का आणि आवक नंबर मिळतो. तिथेही कटकट केली तर स्पीड पोस्टाने मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच.

दुसरी गोष्ट आमच्या वेळेलाही लोकांना पटायची नाही. घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे घर नावावर झालं असं नाही. नगरपरिषदेचं ते रजिस्टर फक्त कर कुणाकडून वसूल करायचा यासाठी असतं. मालकीचा कागद म्हणजे सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका, लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते, आणि ते भूमी अभिलेखकडे असतं. त्यांचं ऑफिस वेगळं, साहेब वेगळे, चकरा पण वेगळ्या. तेव्हा आधी तुमची आखीव पत्रिका काढून बघा त्यावर कोणाचं नाव आहे. मला शंका आहे की नळ आजोबांच्या नावावर असेल तर तीही त्यांच्याच नावावर असणार.

कोर्टाचं म्हणाल तर वारसांमध्ये भांडण नसेल तर साध्या नोंदीला सहसा गरज पडत नाही. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची आधार, शेवटची कर पावती, एवढ्यावर आम्ही नोंदी करायचो. कुणी "सक्सेशन सर्टिफिकेट आणा" म्हणालं तर शांतपणे सांगा की ते बँकेतले पैसे, शेअर्स, येणी असल्या गोष्टींसाठी असतं, घरासाठी नाही.

हक्कसोड हा नोंदीचा भाग नाहीच. हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, दोन्ही बहिणी, आई, आणि तुमच्या वडिलांच्या आई हयात असतील तर त्याही, सगळे पहिल्या वर्गाचे वारस. नावं सगळ्यांची लावायची. एकट्याचंच हवं असेल तर मग हक्कसोड, आणि ते नुसत्या स्टॅम्पवर लिहून चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करावं लागतं. टेबलावरचा माणूस हक्कसोड मागतो कारण एका नावाचं बिल काढणं त्याला सोपं जातं, बाकी काही नाही.

थकबाकी मात्र भरावी लागते, त्यातून सुटका नाही. शास्ती महिन्याला दोन टक्के चढते. आठ हजार थकले की महिन्याला १६०, वर्षाला १,९२०. २०२५ मध्ये सरकारने नगरपरिषदांच्या कायद्यात बदल करून शास्ती माफीच्या अभय योजनेची वाट मोकळी केली, तर तुमच्याकडे ती लागू आहे का हे भरण्याआधी लेखी विचारा. आणि बिल नीट वाचा हो. घरपट्टी म्हणतो ती एक रक्कम नसते, खाली शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन असं सगळं सुटं सुटं छापलेलं असतं. त्यात रोजगार हमी कर लागलाय का बघा. तो फक्त बिगरनिवासी वापराला असतो. राहत्या घराला लागला असेल तर कुठेतरी घोळ आहे.

आठ हजाराबद्दल माझ्याकडून काही ऐकायचं नसेल तर बरं.

माहेरवाशीण

वरच्या काकांनी कायद्याचं सांगितलं, मी घरातलं सांगते. दादा तुमच्या प्रश्नात बहिणींचा उल्लेख फक्त सहीपुरता आलाय म्हणून लिहितेय, राग मानू नका.

माझ्या भावाने भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी स्टॅम्पपेपर ठेवला होता. म्हणाला नगरपरिषदेत मागतात, फॉर्मॅलिटी आहे. मी सही केली पण असती हो, मला त्या घरातली एक वीट नको होती, पण ज्या दिवशी ठेवला तो दिवस अजून डोळ्यासमोरून जात नाही. नंतर कळलं की नोंदीला ते लागतच नव्हतं. नुसतं आम्हा तिघांची नावं लावून काम झालं असतं. बिलावर बहिणींची नावं आली म्हणून काय घर पळवून नेणारेत का त्या? उलट उद्या काही बांधायचं, कर्ज काढायचं ठरलं तर सगळी नावं असलेला उतारा सरळ असतो, नंतर कोणी उकरून काढत नाही.

आधी फोन करून त्यांना विचारा त्यांना काय हवंय. बहुतेक "तू बघ रे" म्हणतील. पण विचारा.

कृष्णाकाठी

मी दोन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत हेच केलं, तेव्हा अनुभव सांगतो, लोकसेवा हक्क कायदा वापरा म्हणजे अर्धी कटकट जाते. २०१५ चा कायदा आहे, वारसा हक्काने मालमत्ता हस्तांतरणाची नोंद ही त्यात अधिसूचित सेवा आहे, मुदत १५ दिवस. ऑफिसच्या बाहेर बोर्ड लावणं बंधनकारक आहे, सेवा, फी, मुदत, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कोणाकडे, सगळं. आमच्याकडे तो बोर्ड होता पण त्याच्यासमोर जुनी घंटागाडी उभी करून ठेवलेली, मी वाकून मोबाईलने फोटो काढला आणि अर्जाला जोडला, खाली एकच ओळ लिहिली की सदर सेवा १५ दिवसांत देणेबाबत विनंती. बाबूने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि शिपायाला म्हणाला यांना खुर्ची दे.

मुदतीत नाही झालं किंवा फेटाळलं तर ३० दिवसात पहिलं अपील, त्याला वकील लागत नाही, साधा अर्ज. उगाच उशीर केला असं ठरलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या खिशातून जातो, त्यामुळे पोटात गोळा येतो त्यांच्या. मला अपीलापर्यंत जावंच लागलं नाही, अठराव्या दिवशी उतारा हातात, तीन दिवस उशीर मी सोडून दिला.

लोक लगेच माहिती अधिकार टाका म्हणतात, टाका, दहा रुपयेच लागतात, पण ते "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली" विचारायला. काम करून घ्यायला सेवा हक्क बरा.

गल्लीतला_गण्या

नवीन नगरसेवक अजून फोन उचलतात, हेही लक्षात ठेवा. आमच्या प्रभागातले दोन्ही सध्या पहिल्या रिंगला घेतात. निवडणुकाच झाल्या नाहीत आणि प्रशासक कारभार बघायचे, त्या काळात चार वर्षं तक्रार कोणाकडे करायची हेच माहीत नव्हतं, गटार तुंबलं तर थेट मुख्याधिकारी, आणि ते कायम व्हिडिओ मीटिंगमध्ये. हा पहिल्या रिंगचा काळ फार टिकत नाही, मार्चपर्यंत काम उरका.

चाकणवासी_गावचा

सगळ्यांचे आभार. काकांचा अंदाज बरोबर निघाला, आखीव पत्रिका ऑनलाईन काढली, त्यावर आजोबांचंच नाव. आणि बिलावर रोजगार हमी कर आहे! आईला विचारलं तर म्हणाली पुढची खोली वडिलांनी एका टेलरला भाड्याने दिली होती. तो २००९ ला सोडून गेला. म्हणजे सोळा वर्षं आम्ही टेलरच्या दुकानाचा कर भरतोय आणि त्याची कात्री पण घरात नाही.

ताई तुमचं वाचून जरा ओशाळलो. दोघींना फोन केला. धाकटी म्हणाली "तू बघ रे". मोठी म्हणाली नावं सगळ्यांची लाव, बाबांच्या घराच्या बिलावर माझं नाव आलेलं मला आवडेल. तर तसंच करतोय.

काका एक अडचण. आजोबांचं नाव पत्रिकेवर म्हणजे मला दोन आत्या पण आहेत.

निवृत्त_करविभाग

मग आत्याही वारस. १९५६ च्या कायद्यापासून मुलगी वडिलांची वारस आहेच, आणि आजोबा गेले १९९१ ला. भूमी अभिलेखकडे अर्ज करताना आजोबांपासून वंशावळ द्या, दोन पायऱ्या एकदम, आजोबांचे वारस आणि मग वडिलांचे वारस. दोघांचेही मृत्यू दाखले लागतील. १९९१ चा दाखला जिथे मृत्यू झाला तिथल्याच नोंदवहीत असतो, दवाखान्यात दुसऱ्या गावी गेले असतील तर त्या गावच्या नगरपरिषदेत. लोक इथेच चार चकरा फुकट मारतात.

नगरपरिषदेची नोंद तोवर थांबवू नका. तिथे वडिलांचं नाव आहे, ते त्यांच्या वारसांच्या नावे करून घ्या, कर थकणार नाही. टेलरच्या खोलीसाठी वेगळा अर्ज द्या, वापर बदलला, निवासी आकारणी व्हावी म्हणून. स्थळपाहणीला माणूस येईल, त्या दिवशी खोलीत गादी-कपाट दिसू द्या. मागचे पैसे परत मिळण्याची आशा धरू नका, पुढचं थांबेल. नळाचाही वेगळा अर्ज, पाणीपुरवठा विभागाला.

चाकणवासी_गावचा

ताजी खबर. सोमवारी जाऊन आलो. बोर्ड होता, आमच्याकडे त्याच्यासमोर झेरॉक्स मशीन ठेवलंय, मीही वाकूनच फोटो काढला. आवकचा शिक्का मिळाला, नंबर मिळाला, कोर्टाचा विषय परत कोणी काढला नाही. अभय योजनेचं लेखी विचारलंय, उत्तर आलं की भरतो. आठ हजारवाले गाड्यावरच होते, चहा त्यांनीच पाजला.

मोठ्या आत्याकडे जाऊन वंशावळीवर सही घेतली. चष्मा लावून सगळी नावं वाचली, स्वतःच्या नावावर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग विचारते, नळाचं काय. म्हणलं त्याचाही अर्ज देतोय, नाव बदलायला. तर म्हणाली, "तेवढा नळ तरी राहू दे की रे माझ्या बापाच्या नावावर, पाणी तर येतंय ना."

नळाचा अर्ज पिशवीत आहे अजून.